फुलक्यावर वाढलेला कुत्रा

आमच्या शेजारच्या शेठने अल्सेशियन कुत्रा आणला, तेव्हा कुत्र्याच्या आधी त्याची वंशावळ दुकानात आली. ती काचेच्या चौकटीत बसवून गल्ल्याच्या मागे, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी लावली गेली. बाप कुठल्याशा प्रदर्शनातला विजेता, आजोबा थेट जर्मनीहून आलेले, आजीच्याही नावापुढे काही इंग्रजी अक्षरं. पणजोबांचं नाव छातीठोकपणे सांगू शकणारी माणसं आमच्या रस्त्यावर कमीच, त्यामुळे तूरडाळ घ्यायला आलेला प्रत्येक जण ती चौकट आदराने पाहायचा. कुत्रा मात्र तिच्याखाली रिकाम्या पोत्यावर उताणा पडलेला असायचा.

हे दोन हजार सालाच्या आसपासचं. नारायणगावची बाजारपेठ जिथे संपत संपत वारूळवाडी होते, तिथे रस्त्याला लागून शेठचं भुसार मालाचं दुकान, मागे घर, त्याच्यामागे गोदाम. घर-गोदामाच्या आवारभिंतीला लागून आमचं अंगण. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. माझे यजमान पिंपरी पेंढारचे. भावांनी शेती ठेवली आणि यांनी इथे मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. शेठचे आजोबा राजस्थानातून आले होते. घर कडक जैन, पण बोलणं-चालणं सगळं इथलं.

गोदामातून तेलाचे डबे चोरीला गेले म्हणून कुत्रा आणला होता. पुढच्याच वर्षी पुन्हा डबे गेले. कुत्र्याने चोराला वाट दाखवली असावी, असा आमच्या यजमानांचा कयास होता.

कुत्र्याला एक लांबलचक इंग्रजी नाव होतं, ते फक्त चौकटीत राहिलं. शेठची आई त्याला ‘बेटा’ म्हणायची आणि तो तेवढ्यालाच ओ द्यायचा. सगळा रस्ता तिला माजी म्हणायचा, मीही. माजी कांदा-लसूण, बटाटा, काहीच खात नसत. सूर्य मावळल्यावर पाण्याचा घोटही नाही. सकाळी तव्यावरचा पहिला फुलका कुत्र्याचा, त्यावर तूप आणि गूळ. तोही त्या साधा देत नसत. फुलक्याचा तुकडा दोन्ही तळहातांत झाकून, हात जोडल्यासारखे त्याच्यापुढे धरायच्या. कुत्रा नाक घुसवून हात उघडायचा. उघडले की तुकडा त्याचा. वाघासारखा दिसणारा तो प्राणी त्या बारक्या, सुरकुतलेल्या हातांची फट इतक्या हळुवार नाकाने शोधायचा, की मी शाळेला निघता निघता ते पाहायला थांबायचे. रात्री तो त्यांच्या खाटेखाली झोपायचा. पहाटे त्या पाठ म्हणायला बसल्या की कान पाडून ऐकायचा.

“मागच्या जन्मी काहीतरी पुण्य अर्धं राहिलं असेल याचं,” माजी म्हणायच्या. “नाहीतर एवढ्या मोठ्या खानदानातला आमच्याकडे कशाला येतोय?”

तूप, गूळ आणि पुण्य या आहारावर तीन-चार वर्षं बरी गेली. मग त्याच्या पाठीवरचे केस जायला लागले. दिवसभर खाजवायचा, भिंतीला अंग घासायचा. अंगाने तो गादीसारखा झाला होता. चौकटीतल्या आजोबांनी त्याला ओळखला नसता. सरकारी दवाखान्यातले गुरांचे डॉक्टर येऊन गेले. त्यांनी मलम दिलं, तूप-गूळ बंद करायला सांगितलं आणि पुढे म्हणाले, “जमत असेल तर अंडी, थोडं मांस...” मग त्यांनी भिंतीवरच्या जैन महाराजांच्या तसबिरी पाहिल्या आणि बॅग बंद केली.

तूप-गूळ बंद करणं हा फारच साधा उपाय होता. शेठला साधे उपाय पटत नसत. तो सायबर कॅफेत गेला आणि कागदांचा जाड गठ्ठा छापून घेऊन आला. सगळं इंग्रजीत. कुत्र्यांना शिजवलेलं अन्न न देता कच्चं मांस आणि कच्ची हाडंच द्यावीत, असं सांगणारं एक नवं शास्त्र तिकडे परदेशात निघालं होतं.

“बाई, जरा अर्थ सांगा,” शेठ म्हणाला.

मी अर्थ सांगितला. एका दुपारी त्यांच्या बाहेरच्या खोलीत बसून मी तो गठ्ठा वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. इंग्रजी झकास होतं. कुत्रा हा लांडग्याचा वंशज, त्याचे दात पाहा, त्याचं जठर पाहा. धान्य खाणं हा त्याच्यावर माणसाने लादलेला अपमान आहे, अशा थाटाचं. आमच्या शाळेतल्या पाठ्यपुस्तकात इतकी ठसकेदार वाक्यं नसत. मला वाचायला मजा येत होती आणि ती आवाजात उतरली असणार. शेठ माना डोलवत होता. लांडग्याचा वंशज माजींच्या पायांशी झोपला होता. माजी दाराशी बसून मूग निवडत होत्या.

मी थांबल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं. “बाई, त्यात असं लिहिलंय का, की तो कोणाच्या हातचं खातो?”

मी हसले. “ते नाही लिहिलेलं, माजी.”

“हं,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा सूप उचललं. थोड्या वेळाने, मुलाकडे न बघता म्हणाल्या, “करा. त्याची खाज जात असेल तर करा. पण मांस खाल्लेलं तोंड घेऊन त्यानं माझ्या खोलीत यायचं नाही. माझ्या हाताला लागायचं नाही. मला नाही चालणार बेटा, मी काय करू?”

त्या कुत्र्याशी बोलल्या की मुलाशी, ते कळलं नाही. रागाने मात्र बोलल्या नाहीत. पाऊस येईल, कपडे काढा, असं सांगावं तसं सांगितलं.

त्या घरात मांस येणं शक्यच नव्हतं. तेव्हा ते आमच्या अंगणात द्यायचं ठरलं. आमचं घर खाणारं. भिंतीपलीकडच्यांनी आमच्या रविवारच्या वासाबद्दल इतक्या वर्षांत कधी ब्र काढला नव्हता. यजमानांना मी बेत सांगितला तेव्हा ते जेवता जेवता थांबले.

“आपल्याकडं मटान सणासुदीला, अन् ह्याला रोज? पुढल्या जन्मी मारवाड्याचं कुत्रं व्हायला पायजे राव.”

चिकनवाल्याकडे मी माना आणि पंख मागितले, तर तो म्हणाला, “बाई, ह्याचा रस्सा चांगला व्हत न्हाई.”

“कुत्र्यासाठी हवेत.”

“तुमी कुत्रं कवा पाळलं?”

“शेठचं आहे.”

त्याचा सुरा हवेत राहिला. “शेठला ठावं हाय ना?”

“त्यानंच सांगितलंय.”

“आन् माजींला?”

“त्यांनाही.”

त्याने कागदात नीट गुंडाळून, वर पिशवी घालून दिलं. “त्यांच्या दारावरनं नेऊ नका. मागच्या बोळानं जा.”

मी मागच्या बोळाने जात राहिले. शाळा सुटल्यावर बाजारातून ते घेऊन घरी पोचायला संध्याकाळ व्हायची. शेठचा नोकर कुत्र्याला आणून आमच्या पेरूच्या झाडाला बांधायचा. मी कागदांत दिलेल्या सगळ्या युक्त्या केल्या. आधी भाकरीत बारीक तुकडे कालवले. कुत्र्याने भाकरी खाल्ली आणि एकेक तुकडा थाळीबाहेर, फरशीवर ओळीने काढून ठेवला. मांस कोमट करून पाहिलं. वरून तूप चोळलं. त्याने तूप चाटून मांस धुतल्यासारखं स्वच्छ केलं. माझ्या माहेरी, निरगुडसरला, आमचं कुत्रं ताकात कुस्करलेली भाकरी खायचं, उंदीर खायचं आणि मिळाली तर चप्पलही खायचं. त्याच्यासाठी कोणी कागद छापून आणले नव्हते. इथे मी कोंबडीची मान हातात धरून ‘हे बघ, हे बघ’ करत होते आणि तो तोंड फिरवून भिंतीकडे बघत होता. त्या भिंतीच्या बुडाशी पलीकडच्या मोरीचं पाणी यायला एक भोक होतं.

एकदा भिंतीवरून माजींचं डोकं दिसलं. पलीकडे त्या कशावर तरी चढून उभ्या असाव्यात.

“दिवेलागण झाली, बाई. आता काय खातोय तो?”

“म्हणजे?”

“दिवस मावळल्यावर तो खात नाही. कधीच नाही खाल्लं त्यानं.” आवाजात अभिमान होता, तो त्यांना लपवता आला नाही. “तुमच्या कागदात नसेल ते.”

लांडग्याचा वंशज चौविहार पाळत होता. लहानपणापासून त्याने जे घर पाहिलं, त्या घरात सूर्यास्तानंतर पानं मांडलीच जात नसत. मी शाळेतून मधल्या सुट्टीत घरी यायला लागले, उजेडात थाळी ठेवायला लागले. तरी त्याने तोंड लावलं नाही. भिंतीवरून पुन्हा आवाज आला, “शाळेतली पोरं तरी ऐकतात का बाई तुमचं?”

कागदांत शेवटचा उपाय दिला होता. थाळी थोडा वेळ ठेवायची आणि उचलून घ्यायची. दुसरं काहीही द्यायचं नाही. धडधाकट कुत्रा स्वतःला उपाशी मारत नाही, असं ठाम वाक्य होतं. हे लिहिणाऱ्याने जैन घर पाहिलं नसावं. उपवासाची भीती घालायची ती कोणाला? त्या घरात अष्टमी-चतुर्दशी सोडली जात नसे. कोणी आठ दिवसांचे उपवास केले की नातेवाईक हारतुरे घेऊन यायचे, गाणी म्हटली जायची, बँड लावून मिरवणूक निघायची. न खाणाऱ्याला त्या कुत्र्याने नेहमी पाटावर बसलेलं पाहिलं होतं.

शेठने घरात ताकीद दिली, की फुलक्याचा कणही याला मिळता कामा नये. माजींनी ती पाळली. त्या आपली थाळी आतल्या खोलीत घेऊन, दार लोटून जेवायला लागल्या. कुत्रा आमच्या अंगणातच राहायला लागला आणि त्या मोरीच्या भोकाशी नाक लावून पडून राहायचा. पहिल्यांदा तो रडला, मग गप्प झाला. मग पाणीही पिईना. थाळी जवळ नेली की डोळे मिटून घ्यायचा.

मी घाबरले. शेठ माल आणायला पुण्याला गेला होता. मी सरळ त्यांच्या घरात गेले आणि म्हणाले, “माजी, फुलका द्या त्याला. बस झालं हे.”

त्या खाटेवर बसल्या होत्या. खाटेखालची जागा झाडून ठेवलेली, रिकामी.

“दिला तर खाज तशीच राहील ना?”

“बघू ते पुढचं पुढे.”

“तुमच्या कागदात काय आहे? धान्य खाल्लं तर खाज जाणार नाही, असंच आहे ना? तुम्हीच वाचलंत.”

डॉक्टरांनी फक्त तूप-गूळ बंद करायला सांगितलं होतं, फुलका नव्हे, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं. पण ते मलम लावणाऱ्या माणसाचं तोंडी बोलणं. कागद छापलेले होते आणि मी ते वाचलेले होते. “कागदात तसं आहे,” मी म्हणाले.

माजी उठल्या. पायात चपला घातल्या. मला वाटलं देवळात निघाल्या. त्या मागच्या दाराने बोळात आल्या आणि आमच्या अंगणात शिरल्या. इतक्या वर्षांत त्या आमच्याकडे वर्षातून एकदाच, पुढच्या दारात उभ्याने येत. आमच्याकडचं पाणीही कधी घेतलं नव्हतं. आता त्या आमच्या धुण्याच्या दगडावर बसल्या, थाळीकडे पाठ करून. पदर तोंडावर घेतला.

“ठेवा त्याच्यापुढे,” मला म्हणाल्या.

मी थाळी ठेवली. कुत्र्याने मान उचलून त्यांच्या पाठीकडे पाहिलं.

“खा, बेटा,” माजी म्हणाल्या. समोर पेरूचं झाड होतं, त्यालाच सांगत असल्यासारखं. “खा. मी सांगतेय ना. खा.”

तो धडपडत उभा राहिला. थाळीशी आला. पुन्हा एकदा पाठीकडे पाहिलं. मग हाडाचा कडकन आवाज झाला. माजींचे खांदे वर गेले आणि तसेच राहिले.

“खातोय?”

“हो.”

“सगळं खाऊ दे.”

त्याने सगळं खाल्लं. थाळी चाटली आणि शेपटी हलवत, इतक्या दिवसांत पहिल्यांदा हलवत, तो त्यांच्याकडे निघाला. नेहमीसारखं त्यांच्या काखेखाली डोकं घालायला. तो पोचायच्या आत त्या उठल्या होत्या.

“नको,” त्या म्हणाल्या. “आता नको.” आणि बोळाने निघून गेल्या. पलीकडून बराच वेळ अंघोळीचा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवास केला. त्याला कोणी हारतुरे घेऊन आलं नाही.

त्यानंतर सगळं कागदात लिहिल्याप्रमाणे झालं. कुत्रा खायला लागला, मग वाट बघायला लागला, मग चिकनवाल्याची पिशवी लांबून ओळखायला लागला. अंगाने उतरला. पाठीवर केस आले. तूप-गूळही त्याच दिवसांत सुटलं होतं, तेव्हा गुण नक्की कशाचा, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. तेव्हाही कोणी विचारलं नाही. शेठने त्याला पुण्याला प्रदर्शनात नेला आणि एक सॅटिनची फीत आणली. ती वंशावळीच्या चौकटीला लटकवली. दुकानात बसून तो गिऱ्हाइकांना नॅचरल डाएटवर व्याख्यानं द्यायचा, स्वतः काकडी खात. गोदामापाशी त्याने कुत्र्यासाठी फरशी बसवलेली खोली बांधली. तिच्यात पंखा होता.

कुत्रा रोज सकाळी माजींच्या दारात यायचा. उंबऱ्याबाहेर. “बस, तिथंच,” त्या म्हणायच्या आणि तो बसायचा. पहिला फुलका त्या अजूनही त्याचाच करत, साधा, तुपाशिवाय. शेठची ताकीद आता ढिली पडली होती. पण हातात झाकून देत नसत. पायरीवर ठेवून मागे सरत. सुरुवातीला तो खायचा. मग नुसता हुंगायला लागला. मग त्याच्याकडे न बघता माजींकडे बघत बसायचा, जरा वेळाने उठून आमच्या अंगणात निघून यायचा. फुलका पायरीवर राहायचा, कावळे न्यायचे. हेही कागदात होतं: एकदा खऱ्या अन्नाची चव लागली की कुत्रा धान्याकडे पाहणार नाही. ते वाक्य मी माजींना फार रंगवून सांगितलं होतं.

त्या वर्षी पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, रस्त्यावर फ्लेक्स लागला. तेव्हा फ्लेक्स नवेच होते आणि लोकांना काय करू नि काय नको असं झालं होतं. शेठचा हात जोडलेला फोटो, वर तालुक्यातल्या पुढाऱ्यांचे फोटो, खाली समस्त व्यापारी मित्रांचे, आणि मधोमध मोठ्या अक्षरांत ‘मिच्छामि दुक्कडं’. वर्षभरात जाणता-अजाणता कोणाला दुखावलं असेल तर क्षमा असावी. माणसाने एवढ्या उंचीवरून क्षमा मागितलेली मी पहिल्यांदाच पाहिली. यजमान म्हणाले, “हायवेनं जाणाऱ्या ट्रकवाल्यांनी बी माफ केलं आसंल.”

माजी नेहमीसारख्या घरोघर पायीच फिरल्या. आमच्या दारात आल्या, हात जोडले आणि ते शब्द म्हणाल्या. दर वर्षी मी म्हणायचे, “अहो माजी, तुमचं काय चुकलंय?” त्या हसायच्या आणि पुढच्या दारी जायच्या. त्या वर्षी ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. मी नुसते हात जोडले.

त्या पुढच्या दारी गेल्या नाहीत. “तो मागे आहे ना?” त्यांनी विचारलं आणि घराला वळसा घालून अंगणात गेल्या. मी मागोमाग गेले. कुत्रा नुकताच जेवून पेरूखाली पडला होता. त्यांना पाहून उठला, पण आला नाही. तेवढं तो शिकला होता. माजी गुडघ्यांवर हात टेकत, वेळ घेत, त्याच्यासमोर खाली बसल्या. हात जोडले आणि मला म्हणाल्या होत्या तेच शब्द, त्याच आवाजात, त्याला म्हणाल्या.

कुत्र्याने जोडलेले हात पाहिले. त्या हातांचा त्याला एकच अर्थ माहीत होता. तो पुढे आला आणि तळहातांच्या मधली फट नाकाने शोधायला लागला. आधी वरून, मग करंगळीच्या बाजूने. हळुवार, पूर्वीसारखाच. मला वाटलं, आता उठतील. त्या उठल्या नाहीत. त्याने नाक घुसवलं तेव्हा त्यांनी हात उघडले आणि दोन्ही रिकामे तळवे त्याच्यापुढे धरले. त्याने ते नीट हुंगले. काहीच नव्हतं. मग त्याने ते चाटले, मनगटापर्यंत. माजी डोळे मिटून बसून राहिल्या.

बऱ्याच वेळाने त्या उभ्या राहिल्या. ओले हात अंगापासून लांब धरले होते, पदराला लागू न देता.

“बाई,” त्या म्हणाल्या, “हातावर पाणी घालता? गाळलेलं आहे ना?”

“नळाला फडकं बांधलंय, माजी.”

मी तांब्या भरून आणला आणि त्यांच्या हातांवर धार धरली. त्या हात चोळत होत्या, सावकाश, एकेक बोट. कुत्रा शेजारी उभा राहून पाणी कुठे जातं ते बघत होता. पाणी संपलं तरी त्यांनी हात तसेच पुढे धरले होते. मी आत जाऊन दुसरा तांब्या भरून आणला.